हातभर पुढे

वाल्पाराइसोच्या टेकडीवर आमच्या गल्लीला गल्ली म्हणतात,
पण आहे तो जिना.
एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्या, एकीची उंची दुसरीशी न जुळणारी,
कारण जी ज्याच्या दारासमोर आली ती त्याने बांधली,
ज्याच्याकडे जेवढं सिमेंट उरलं होतं तेवढी.

कठडा मी केला. मी, रोसाउरा ओयानेदेल,
गोदीत जहाजांचे पत्रे जोडून हात बसलेली.
पाईप समितीने आणला, बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यातला.
जानेवारीच्या उन्हात तापला की
अजून त्याला चरबीचा वास येतो.

उंची किती ठेवायची, कुणालाच ठाऊक नव्हतं.
मी एदुविखेसआजींना पायरीवर उभं केलं,
म्हटलं, पडताय असं समजा,
हात जिथे जाईल तिथे जाऊ द्या.
गेला तिथे खडूने रेघ मारली.
पोरांसाठी खाली आणखी एक दांडा जोडला,
त्यावर ती वह्या ठेवतील, लोंबकळतील,
धरायचं तेवढं विसरतील, हे माहीत असून.

वरून मोजत आलो तर
एकशे पंचेचाळिसाव्या पायरीशी पाईप संपला.
तीनच तर राहिल्या, म्हणाले सगळे.
मीही म्हणाले.
निळा रंग दिला, कुणीतरी गिटार आणली,
दुसऱ्या दिवशी कठड्यावर कुणाचे तरी मोजे वाळत होते.

बेलार्मिनो बेकरीत रात्रपाळीला.
पहाटे तीनला तो जिना उतरायचा,
कठडा नव्हता तेव्हाही, तीस वर्षं,
पावसात, वीज गेलेली असताना,
एकदा भूकंपाचे हादरे चालू असताना,
आणि कधी पडला नाही.
तेव्हा पाय मोजायचे.

कठडा आला आणि मोजायचं काम हाताने घेतलं.
ऑगस्टात समुद्रावरून असं धुकं चढलं
की स्वतःचा कोपर दिसेना.
हाताखालचा पाईप संपला.
हात म्हणाला, आलं सपाट.
पाऊल निर्धास्त पुढे पडलं,
जमीन असायला हवी होती तिथे.

खुबा मोडला.
मी इस्पितळात गेले, काय बोलायचं ते वाटेत ठरवून.
त्याने मला बोलूच दिलं नाही.
विचारलं, त्या दिवशी भट्टी कोणी पेटवली?

घरी आले आणि पलंगाची पायथ्याची चौकट कापली.
लोखंड बारीक, पण सरळ.
तीन पायऱ्या झाल्या. मग थांबले नाही,
शेवटच्या पायरीच्याही हातभर पुढे नेलं,
दोन्ही पावलं सपाटीवर टेकेपर्यंत
हाताला धरायला काहीतरी असावं म्हणून.
टोक वळवून भिंतीत घातलं,
नाहीतर पिशव्यांचे बंद अडकतात.

जोड मात्र घासला नाही.
गोदीतला मुकादम असता तर ओरडला असता:
एवढी मोठी गाठ, ही काय ओयानेदेलची कामगिरी!
राहू दे.
सगळ्या टेकडीला आता माहीत आहे,
गाठ लागली की तीन.
नवीन पोस्टमनला हे कुणी सांगावं लागलं नाही.

बेलार्मिनो वसंतात परत उतरू लागला.
एका हातात काठी, दुसरा कठड्यावर.
भट्टी आता त्याचा भाचा पेटवतो,
तरी पहाटे तीनला तो जातोच,
बसून राहतो म्हणे पिठाच्या पोत्यांवर.

माझी खिडकी जिन्याला लागून आहे.
झोप तशीही पातळ.
त्याची अंगठी पाईपवर घासत खाली येते,
साबणाच्या पाईपचा आवाज जाड, घोगरा,
पलंगाच्या पाईपचा बारीक.
आवाज बदलला की मी श्वास धरते.
एक.
दोन.
तिसरीवर तो जरा जास्तच थांबतो.
मग ते हातभर,
आणि मग अंगठीचा आवाज येत नाही,
काठीचा येतो, सपाट दगडावर.